विश्लेषण : सातबाऱ्याला फेरफार असतो, मग कोडला का नको?

गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी तीर्थपुरीला घरी गेले होते. माझा चुलतभाऊ कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तोही सुट्टीत गावी आला होता. संध्याकाळी पाहते तर हा गच्चीवर मोबाइल उंच धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतोय. काय झालं विचारलं तर म्हणाला, ‘ताई, रेंज येईना. पार्टनरनं प्रोजेक्टची नवी फाइल टाकलीय. ती डाउनलोड झाल्याशिवाय मला पुढं काही करता येत नाही.’

त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघितला. एकाखाली एक चार झिप फाइली होत्या. ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘प्रोजेक्ट फायनल नवीन’, ‘फायनल सर चेंजेस’ आणि ‘हीच फायनल’. यातली चालते कोणती? ‘तिसरी चालते, पण लॉगिन चौथीत नीट झालंय,’ असं उत्तर आलं. तिसरीत आणि चौथीत नेमका फरक काय, तो कुणी केला आणि का केला, हे मात्र चौघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं.

इंजिनीअरिंग केलेल्या प्रत्येकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. गंमत अशी की या दुखण्यावरचा उपाय वीस वर्षांपासून मोफत उपलब्ध आहे, जगभरातले सॉफ्टवेअर तयार करणारे तो रोज वापरतात आणि त्यातल्या बहुतेक कामांना रेंज लागतच नाही. त्या उपायाचं नाव ‘गिट’. तांत्रिक भाषेत त्याला ‘डिस्ट्रिब्युटेड व्हर्जन कंट्रोल सिस्टिम’ म्हणतात. म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि ती सगळी नोंदवही प्रत्येकाच्या हातात देणारी व्यवस्था.

ही व्यवस्था कशी चालते ते आज समजून घेऊ. आणि ती नोकरी लागल्यावर शिकायची गोष्ट नसून कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवायची गोष्ट आहे, असं मला का वाटतं, तेही सांगते.

काकांना आधी समजलं

त्या रात्री मी भावाला गिट समजावून सांगत होते. काका बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. पण मध्येच म्हणाले, ‘म्हणजे फेरफारच की!’

मी इतकी वर्षं गिट वापरतेय, पण मला हे सुचलं नव्हतं. आपल्याकडे शेत असलेल्या प्रत्येक घराला सातबारा माहीत असतो. सातबारा काय दाखवतो? आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते. पण ते नाव तिथं आलं कसं, हे पाहायचं तर फेरफार काढावा लागतो. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, बोजा चढला की आधी तिथं नोंद होते. तिला क्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतर सातबाऱ्यावर बदल होतो. जुनं नाव खोडरबरानं पुसत नाहीत, पूर्वी त्याला कंस करायचे. शेजारी फेरफार क्रमांक असतो. आजोबांच्या काळातली नोंद नातवाला शोधता येते ती याचमुळं.

आता प्रोजेक्टचं फोल्डर म्हणजे सातबारा समजा, आज जे आहे ते दाखवणारं. गिट त्याला फेरफार नोंदवही जोडून देतं. भावाच्या ग्रुपमध्ये चार सातबारे होते, फेरफार एकही नव्हता. म्हणून खरा कोणता हे कळत नव्हतं.

कमिट म्हणजे काय?

गिटमध्ये एका नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. तुम्ही काही फाइलींत बदल केले, ते तपासले आणि ‘इथपर्यंतचं काम पक्कं’ असं ठरवलं की कमिट करायचं. त्या क्षणी गिट संपूर्ण प्रोजेक्टचं जणू छायाचित्र काढून ठेवतं. त्यासोबत चार गोष्टी लिहिल्या जातात. बदल कुणी केला, कधी केला, का केला आणि याच्या आधीचं कमिट कोणतं.

दर वेळी अख्ख्या प्रोजेक्टचं छायाचित्र म्हटल्यावर लॅपटॉप भरून जाईल, अशी शंका येईल. तसं होत नाही. ज्या फाइलीत बदल झालेला नाही ती गिट पुन्हा साठवत नाही, आधीच्याच प्रतीकडे बोट दाखवतं. शिवाय साठवलेलं सगळं दाबून लहान करतं. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचा वर्षभराचा इतिहास मोबाइलमधल्या एखाद्या व्हिडिओपेक्षाही कमी जागेत बसू शकतो.

खरी करामत पुढं आहे. प्रत्येक कमिटला ४० अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. हा क्रमांक १, २, ३ असा ओळीनं येत नाही. कमिटमध्ये जे जे आहे, म्हणजे फाइलींतला मजकूर, नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा हॅश, त्या सगळ्यावरून गणित करून तो काढतात. आत एक स्वल्पविराम बदलला तरी क्रमांक पार बदलतो. आणि प्रत्येक कमिटमध्ये आधीच्याचा क्रमांक गुंफलेला असल्यानं मागची एखादी नोंद कुणी गुपचूप बदलली, तर तिच्यानंतरच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलतात. म्हणजे चोरी लपत नाही. नोंदवहीचं मधलं पान फाडून नवं चिकटवावं आणि त्याबरोबर पुढच्या प्रत्येक पानाचा शिक्का आपोआप बदलावा, असा हा प्रकार आहे.

‘सर्व्हर डाऊन’ झाला तर?

इथपर्यंत गिट आणि फेरफार सारखेच. पुढं मात्र दोघांची वाट वेगळी होते.

ऑनलाइन दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलेल्या प्रत्येकानं ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकलेलं असतं. नोंदवही एकाच ठिकाणी असली की तिथलं दार बंद झाल्यावर सगळे बाहेर उभे राहतात. सॉफ्टवेअरच्या जगातही आधी असंच होतं. सीव्हीएस आणि सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या लोकप्रिय व्यवस्थांमध्ये सगळा इतिहास एका मुख्य सर्व्हरवर असायचा. तुमच्या कॉम्प्युटरवर फक्त आजची प्रत. नोंद करायची तर सर्व्हरशी जोडणी हवी, जुना बदल पाहायचा तरी हवी.

गिटमध्ये ‘क्लोन’ केलं की आजच्या फाइलींबरोबर पहिल्या दिवसापासूनचा इतिहासही तुमच्या कॉम्प्युटरवर येतो. चौघांच्या ग्रुपमध्ये सातबारा आणि फेरफार नोंदवही दोन्हींच्या चार पूर्ण प्रती तयार होतात. ‘डिस्ट्रिब्युटेड’ म्हणजे विखुरलेली, ती या अर्थानं. कमिट करणं, जुने बदल पाहणं, दोन टप्प्यांतला फरक तपासणं, चुकलं तर मागं जाणं, नवा प्रयोग वेगळ्या फांदीवर करून बघणं, हे सगळं इंटरनेटशिवाय होतं. नेट लागतं ते देवाणघेवाणीपुरतं. आपल्या नोंदी दुसरीकडे पाठवणं म्हणजे ‘पुश’, दुसऱ्याच्या आणणं म्हणजे ‘पुल’.

पुण्यातल्या फायबर लाइनवर बसलेल्याला हा फरक जाणवणार नाही. पण लाइट गेली की टॉवर कधी जाईल याचा नेम नसतो, अशा गावात बसून काम करणाऱ्याला तो लगेच कळतो. घनसावंगी तालुक्यातल्या मुलाचं काम रेंजवर अडू नये, यासाठी कुणी वेगळी योजना आणायची गरज नाही. तशी सोय या साधनातच आहे.

पैठणनं शिकवलेला धडा

विखुरलेल्या प्रतींची ताकद आपल्या मातीला नवी नाही. आमच्या भागातून गोदावरीच्या काठानं वर गेलं की पैठण लागतं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. छापखाना नव्हता. लोक हातानं नकला करत राहिले आणि त्या नकला गावोगाव पोहोचल्या. एखादी पोथी पुरात गेली, आगीत गेली किंवा वाळवीनं खाल्ली तरी ग्रंथ उरला, कारण तो एकाच ठिकाणी नव्हता.

पण जवळजवळ तीनशे वर्षांत या नकलांमध्ये फरक पडत गेले. कुणाच्या हातून शब्द चुकला, कुणी आपल्या पदरची ओवी घातली. कोणता बदल कुणाचा, याची नोंद कुठंच नव्हती. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी पैठणला वेगवेगळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. यापुढे कुणी यात आपली भर घालू नये, असंही बजावून ठेवलं. तरीही पाठांचा वाद संपला नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली आणि अभ्यासकांना नवा विषय मिळाला.

पोथ्यांकडे प्रती भरपूर होत्या, पण फेरफार नव्हता. सातबाऱ्याला फेरफार आहे, पण मूळ नोंदवही एकाच ठिकाणी. गिटनं या दोन गोष्टी एकत्र आणल्या. पुष्कळ पूर्ण प्रती, आणि प्रत्येक प्रतीत कुणी काय बदललं याची न पुसता येणारी साखळी. माझ्या मते गिटचं सार एवढंच आहे. बाकीच्या आज्ञा पाठ करायला वेळ लागत नाही.

दोघांनी एकच ओळ बदलली तर?

भावाचा पहिला प्रश्न हाच होता. चार जण आपापल्या प्रतीवर काम करणार, मग ते जुळणार कसं?

समजा सोमवारी सगळ्यांकडे सारखी प्रत होती. तुम्ही लॉगिनचं पान बदललं, मैत्रिणीनं रिपोर्टचं पान बदललं. दोघींचं काम एकत्र करताना गिट आधी तुमच्या दोन इतिहासांतला शेवटचा समान टप्पा शोधतं, म्हणजे सोमवारची प्रत. मग त्या टप्प्यापासून तुम्ही काय बदललं आणि तिनं काय बदललं, हे वेगवेगळं पाहतं. बदल वेगवेगळ्या जागी असतील तर दोन्ही आपोआप घेतं. याला ‘मर्ज’ म्हणतात.

दोघींनी एकच ओळ वेगवेगळ्या पद्धतीनं बदलली असेल तर गिट स्वतः न्यायाधीश होत नाही. ते थांबतं, दोन्ही रूपं एकाखाली एक मांडून दाखवतं आणि सांगतं की तुम्हीच ठरवा. याला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. नवशिके या शब्दाला घाबरतात. खरं तर फेरफारावर हरकत येते तसं हे आहे. हरकत आली म्हणजे घोळ झाला असं नसतं, घोळ होण्याआधी कळलं असा त्याचा अर्थ असतो. व्हॉट्सॲपवर झिप पाठवताना कॉन्फ्लिक्ट कधीच दिसत नाही. तिथं शेवटी ज्यानं फाइल टाकली त्याचं राहतं आणि दुसऱ्याचं काम मुकाट्यानं जातं.

गिट आलं कुठून?

लिनक्स ही जगातल्या असंख्य सर्व्हरवर आणि अँड्रॉइड फोनच्या मुळाशी चालणारी प्रणाली. तुम्ही अँड्रॉइड फोनवर हा मजकूर वाचत असाल तर ती आत्ता तुमच्या हातात आहे. जगभरातले हजारो लोक मिळून ती लिहितात. २००२ पासून त्यांच्या कामाची नोंद ‘बिटकीपर’ नावाच्या एका खासगी सॉफ्टवेअरमध्ये ठेवली जात होती. २००५ मध्ये वाद झाला आणि बिटकीपरच्या कंपनीनं मोफत वापराची परवानगी काढून घेतली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवी व्यवस्था लिहायला घेतली. ७ एप्रिल २००५ ला गिटच्या कोडची पहिली नोंद झाली, तीही गिटमध्येच. काही महिन्यांनी त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली आणि गिट वाढत गेलं.

या रचनेची परीक्षा २०११ मध्ये झाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लिनक्सचा कोड जिथं ठेवला जातो त्या मुख्य संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. संकेतस्थळ कित्येक दिवस बंद राहिलं. जगाच्या पायाभूत सॉफ्टवेअरमध्ये कुणी काही मिसळलं असतं तर? पण त्या कोडच्या इतिहासासकट पूर्ण प्रती जगभरातल्या हजारो लोकांच्या कॉम्प्युटरवर होत्या. सर्व्हरवर कुणी जुन्या नोंदीला हात लावला असता तर हॅश जुळले नसते आणि ते लगेच लक्षात आलं असतं. टोरवाल्ड्स यांनी तात्पुरतं गिटहबवर बिऱ्हाड मांडलं आणि काम सुरू राहिलं.

गिट आणि गिटहब एकच का?

नाही. हा गोंधळ मुलाखतींतही दिसतो. गिट हे तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारं साधन. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली संकेतस्थळाची सेवा. तिथं गिटच्या प्रती ठेवता येतात, इतरांना दाखवता येतात, ‘मी हे बदल केलेत, पाहून स्वीकारा’ अशी विनंती करता येते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरना ती विकत घेण्याची घोषणा केली. गिटलॅबसारख्या इतर सेवाही आहेत.

हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण विखुरलेल्या व्यवस्थेचा वापर आपण पुन्हा एकाच दुकानातून करू लागलो आहोत. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशानं देशात ३२ पत्ते बंद करण्यात आले. त्यात गिटहबची ‘गिस्ट’ ही कोडचे तुकडे ठेवण्याची सेवाही होती. पुढं ती खुली झाली. पण एका दारावर किती विसंबायचं, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. आपल्या कामाची पूर्ण प्रत आपल्याकडे हवी आणि आणखी एका ठिकाणी हवी.

माझ्या तोंडी परीक्षेची गोष्ट

आता मी हे सगळं इतक्या तळमळीनं का सांगतेय ते सांगते.

शेवटच्या वर्षाला आमचा चौघांचा ग्रुप होता, दोन मुलं आणि दोन मुली. माहिती साठवण्याचा आणि शोधण्याचा भाग मी लिहिला होता. सगळं एकत्र जोडण्याचं काम एका पार्टनरच्या लॅपटॉपवर व्हायचं, कारण त्याचा लॅपटॉप सगळ्यांत चांगला होता. सबमिशनच्या दहा दिवस आधी त्यानं चुकून जुनी फाइल नव्या फाइलीवर टाकली. माझं तीन आठवड्यांचं काम गेलं. आठवून आठवून मी ते दोन रात्रींत पुन्हा लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोडबद्दलचे सगळे प्रश्न लॅपटॉप ज्याचा होता त्याला विचारले. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘रिपोर्ट तुम्ही टाइप केलात का?’

मी रिपोर्टही टाइप केला होता. पण कोड मी लिहिला, हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. दोन हार्ड बाइंड कॉप्या, सोनेरी अक्षरांत चौघांची नावं आणि सगळ्यांना जवळपास सारखे गुण. पुढं पहिल्याच नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, ‘गिट वापरता का?’ मी म्हणाले, ‘नाव ऐकलंय.’ चार वर्षांच्या पदवीत ते नाव मी फक्त ऐकलं होतं.

राग त्या परीक्षकांवर नाही. त्यांच्यासमोर सातबारा ठेवला होता, फेरफार ठेवलाच नव्हता. मग त्यांनी अंदाज बांधला आणि अंदाज नेहमीच्या वळणानं गेला. ज्याचा लॅपटॉप, त्याचा कोड.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. शहरातल्या मुलांकडे ओळखी असतात, सीनियर असतात, इंटर्नशिप असते. तीर्थपुरी, अंबड, परतूर अशा ठिकाणांहून आलेल्या मुलाकडे काय असतं? त्यानं केलेलं काम. ते काम त्याच्या नावानं, तारखेनं, कारणासह नोंदलेलं असेल तर ते दाखवता येतं. नसेल तर बाइंडिंगवरचं नाव उरतं, आणि ते काम न केलेल्याचंही असतं.

कॉलेजांनी काय करावं?

माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगचं पहिलं प्रॅक्टिकल होतं त्याच आठवड्यात गिट शिकवा. सात-आठ आज्ञा दोन तासांत शिकवून होतात. प्रत्येक प्रॅक्टिकल कमिट करायला लावा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून गिटमध्येच सुरू करा आणि दर महिन्याच्या आढाव्यात गाइडनी पीपीटीबरोबर नोंदींची यादीही पाहावी. जाड बाइंडिंग हवंच असेल तर राहू द्या, पण त्याच्याबरोबर इतिहासही जमा करून घ्या.

यावर आक्षेप येतील आणि ते चुकीचे नाहीत.

लॅबला नेट नसतं, असं म्हणतील. गिटला ते लागत नाही. लॅबमधल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर सामाईक प्रत ठेवता येते. इतकंच काय, पेन ड्राइव्हवरसुद्धा गिटची पूर्ण प्रत ठेवून तिथून पुश आणि पुल करता येतं. पेन ड्राइव्ह वाईट नव्हता. त्यावर फेरफार नव्हता एवढंच.

मुलं तयार प्रोजेक्ट उतरवून आणतात, असं म्हणतील. आणतातच. पण सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच कमिटमध्ये अख्खा प्रोजेक्ट अवतरला, तर ती नोंद स्वतःच सगळं सांगते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. गिटमधली नोंद खोटीही लिहिता येते. कमिटमध्ये येणारं नाव तुम्ही जे टाकाल तेच येतं आणि तारीखही मागची टाकता येते. डिजिटल सहीची सोय आहे, पण विद्यार्थी ती क्वचितच वापरतात. म्हणून नोंदी पाहून थेट गुण वाटू नयेत. कमिटची संख्या मोजून तर मुळीच नाही, नाहीतर मुलं एकेक ओळ बदलून शंभर कमिट करतील. नोंद हा संपूर्ण पुरावा नाही, प्रश्न विचारण्याची जागा आहे. ‘१२ तारखेला हा बदल का केला?’ हा प्रश्न लिहिणाऱ्यालाच विचारता येतो आणि उत्तरही त्यालाच देता येतं. मला तो प्रश्न विचारला गेला असता तर मी अर्धा तास बोलले असते.

इंजिनीअर नसलेल्यांना याचं काय?

कोविडच्या काळात देशभरातल्या स्वयंसेवकांनी ‘कोविड१९इंडिया’ या संकेतस्थळासाठी रोजची आकडेवारी गोळा केली आणि ती गिटहबवर खुली ठेवली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस त्यांनी काम थांबवलं, पण त्या आकडेवारीच्या प्रती अभ्यासकांकडे राहिल्या. मोबाइलवर वाचताना दिसणारी देवनागरी अक्षरंही घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुले आहेत आणि त्यांच्या मूळ फाइली गिटहबवर कुणालाही पाहता येतात.

मर्यादाही माहीत असाव्यात. गिट साध्या मजकुरासाठी उत्तम. वर्ड फाइल, फोटो, व्हिडिओ यांतले बदल त्याला ओळीनुसार जुळवता येत नाहीत. कमिट केलं म्हणजे बॅकअप झाला असंही नाही. लॅपटॉप चोरीला गेला आणि दुसरी प्रत कुठंच नसेल तर इतिहासही गेला. आणि एकदा पासवर्ड चुकून कमिट केला की पुढच्या कमिटमध्ये पुसूनही तो जुन्या नोंदीत राहतो. न विसरणं हा गिटचा गुण आहे, तसाच धोकाही.

मोबाइलवर करून बघता येईल?

येईल. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ हे मोफत ॲप घेतलं की त्यात गिट बसवता येतं. रोजचं काम लॅपटॉपवरच सोयीचं, पण शिकायला फोन पुरतो. एक फोल्डर करा, त्यात साध्या मजकुराची एक फाइल ठेवा. ‘गिट इनिट’नं नोंदवही सुरू होते. ‘गिट ॲड’नं कोणते बदल नोंदवायचे ते निवडलं जातं, ‘गिट कमिट’नं नोंद पक्की होते. ‘गिट लॉग’नं आजवरच्या नोंदी दिसतात, ‘गिट डिफ’नं फरक. फाइल चार वेळा बदला, चार कमिट करा आणि मग लॉग पाहा. कळायला तेवढं पुरेसं आहे.

त्या रात्री आम्ही भावाच्या लॅपटॉपवर तेच केलं. मध्येच लाइट गेली, पण बॅटरी होती. चार झिप फाइली क्रमानं उघडून त्यांची चार कमिट केली. तिसरीत आणि चौथीत फरक किती निघाला माहितीये? अकरा ओळी. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर रेंज आल्यावर त्यानं पुश केलं. जालन्यातल्या पार्टनरचा फोन आला, दोघांनी एका फाइलीवरचा कॉन्फ्लिक्ट बोलता बोलता सोडवला. फोल्डरचं नाव आता नुसतं ‘प्रोजेक्ट’ आहे.

एक सवय मात्र अजून लागायची आहे. पहिल्या कमिटला कारण म्हणून त्यानं ‘चेंजेस’ एवढंच लिहिलं होतं. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, ‘तलाठ्यानं फेरफारात नुसतं “बदल केला” असं लिहिलं असतं, तर आपलं शेत राहिलं असतं का रे?’

त्यानं ते पुसलं आणि नीट लिहिलं. ‘मोबाइल नंबर दहा अंकी नसेल तर फॉर्म पुढं जाऊ नये, म्हणून तपासणी टाकली.’